एका चहाची मूठ

फुलंब्रीच्या रस्त्यानं दिवस मावळताना निघालो, की माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि शेतांवर जास्त असतं. मक्याच्या नाहीतर अद्रकीच्या वावरातून एखादा झोत उठतो. बाजारातल्या टॉर्चचा उजेड मला आता लांबून ओळखू येतो. तो पिवळट असतो किंवा दुधट, आणि थोड्या वेळानं बसतो, मंद होतो. मी ज्याच्या शोधात असतो तो मधे चुन्यासारखा पांढरा, कडेला निळसर, आणि बसत नाही. तो दिसला की मी गाडी कडेला लावतो, बांधावरून चालत जातो आणि त्या माणसाला म्हणतो, भाऊ, हा टॉर्च मला परत द्या. बहुतेक जण देत नाहीत. मुळेकाकांचा आहे, म्हणतात, असा दुसरा मिळायचा नाही.

ते खरं आहे. तो मुळेकाकांचा आहे म्हणूनच मी मागतो.

रंगनाथ मुळे गेल्या थंडीत गेले. त्यांच्या दहाव्याला शेंद्र्याच्या कंपनीतले आम्ही जुने लोक जमलो होतो, आणि प्रत्येक जण त्यांच्या हाताबद्दल बोलत होता. काय हात होता माणसाचा. चालू मोटारीवर नुसता तळवा ठेवून सांगायचे, कोणतं बेअरिंग जाणार आहे ते. मी ऐकत होतो. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, हो, हात होता. आणि पाणी प्यायला उठून गेलो. त्या दिवशी जे बोललो नाही ते इथं लिहितो आहे.

मी त्या कंपनीत स्टोअर सांभाळायचो, मुळेकाका इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. बुटके, गोरे, पोट पुढं, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि सुपारीची डबी शेजारी शेजारी. स्वतःच्या कामाचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत. एखादं पॅनल दुरुस्त झालं की ते लगेच बंद करायचे नाहीत. दार उघडं ठेवून शेजारी उभे राहायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं आतली वायरिंग बघावी म्हणून. कुणी न बघता गेलाच तर त्याला हाक मारायचे. "काय साहेब, लग्नाला आलात आणि नवरी न बघता चाललात?"

त्यांच्या मानेवर उजव्या बाजूला भाजल्याची जुनी खूण होती. तिच्याबद्दल विचारलं की ते स्वतःचं न सांगता एका सहकाऱ्याचं सांगत. कंपनीत लागल्यावर सुरुवातीच्या काळात कधीतरी लाइट गेली होती, दोघं एका पॅनलमध्ये वाकलेले, उजेडाला एक मरतुकडी बॅटरी. दिसेना म्हणून त्या सहकाऱ्यानं चाचपडत हात पुढं घातला, आणि एक फेज अजून जिवंत होती. एवढं सांगून काका थांबायचे. मग म्हणायचे, "उजेड कमी पडला की माणूस हातानं बघायला लागतो." ते वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की त्यातला अर्थच माझ्यापुरता झिजून गेला होता. माझ्या भावाच्या, विलासच्या वेळेला तो परत आला.

टॉर्चचा नाद त्यांना त्या प्रसंगानंतर लागला असावा. कंपनीत असताना तो रविवारपुरता होता. निवृत्त झाल्यावर पडेगावच्या त्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर अर्धी जागा टॉर्चनं घेतली. काकू उरलेल्या अर्ध्यावर दोन ताटं मांडायच्या आणि म्हणायच्या, "आमच्याकडं सवत टेबलावर बसते."

काका करायचे ते काम असं. बाजारातला चांगला जाड अॅल्युमिनियमचा टॉर्च घ्यायचा. तो उघडला की आत सेल, स्प्रिंगा, बटण आणि डोक्यात एलईडीच्या मागं एक छोटी चकती. ह्या चकतीला अक्कल असते. टॉर्च तापू लागला की ती करंट कमी करते, उजेड खाली येतो, टॉर्च थंड होतो. शेतकऱ्यांना नेमकं तेच नको असायचं. मोटार चालू करायला विहिरीवर जावं, झुडपात काहीतरी हलावं आणि नेमका तेव्हाच उजेड बसावा. "काका, दमतो हो हा," असं म्हणत लोक टॉर्च घेऊन यायचे.

काका ती चकती काढून टाकत आणि करंट सरळ सोडत. पण तेवढ्यानं भागत नाही. बारीक स्प्रिंगेतून एवढा करंट गेला की स्प्रिंगच लाल होते, बटणाचे पॉइंट चिकटतात. म्हणून ते स्प्रिंगेला समांतर तांब्याची जाड वेणी सोल्डर करत, बटण काढून त्याच्या जागी जड बटण बसवत, एलईडीखाली तांब्याची पट्टी देत. सेल आणायला दर रविवारी जाफरगेटच्या बाजारात जात. तिथला भंगारवाला जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या पॅकमधले सेल त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा आणि दर वेळी सांगायचा, "काका, इसमें जान बहुत है. संभाल के." काका म्हणायचे, "मियाँ, जान है इसीलिए तो ले रहा हूँ."

समोर शेतकरी बसला असला तर ते त्याला त्याच्या भाषेत समजावत. पाट रुंद केला, आता पाणी जोरात येणार. मग तो माणूस हटकून विचारायचा, "आन पाट फुटला म्हंजे?" ह्या प्रश्नाची काका वाटच बघत असायचे. ते डावी मूठ वर करून दाखवायचे. "ती अक्कलवाली चकती काढली ना, तिच्या जागी ही बसवली."

इथून त्यांचा तो विधी सुरू व्हायचा. तयार झालेला टॉर्च पूर्ण उजेडावर लावायचा, डोक्याजवळ डाव्या मुठीत धरायचा, आणि उजव्या हातानं गॅसवर चहाचं आधण ठेवायचं. साखर, पत्ती, अद्रक ठेचून, दूध, वर आलेली उकळी खाली बसू देऊन पुन्हा एक उकळी, मग गाळणी. हे सगळं एका हातानं. तोवर टॉर्च मुठीतच राहिला पाहिजे. मध्येच चटका बसून हात बदलावा लागला, तर टॉर्च नापास. तो परत टेबलावर जायचा, काका त्याला आणखी तांबं घालायचे किंवा करंट उतरवायचे, आणि गिऱ्हाइकानं नुसता चहा पिऊन पुढच्या आठवड्यात यायचं. टिकला तर गिऱ्हाइकाच्या एका हातात कप आणि दुसऱ्या हातात टॉर्च. ह्याला ते एका चहाची मूठ म्हणायचे. थर्मामीटर घ्या असं मी एकदा सुचवलं होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "शेतात टॉर्च थर्मामीटर धरणार आहे, का माणूस?"

त्यांना गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहत नसत, चहा राहायचा. शेंद्र्याचा वॉचमन म्हणजे बिनदुधाचा. वडोद बाजारचा एक जण म्हणजे डबल साखर. कुठं काही लिहून ठेवलेलं नव्हतं. चहातली अद्रक माझ्या धाकट्या भावाच्या, विलासच्या शेतातली असायची. मी फुलंब्रीहून येताना पिशवी भरून आणायचो, आणि काका ती हुंगून म्हणायचे, ह्या अद्रकीला आमच्या टॉर्चएवढा करंट आहे.

त्यांचं माझ्यावर एक ऋण होतं, तेही सांगायला हवं. स्टोअरमध्ये नवा असताना मी एकदा भलत्याच क्षमतेचे फ्यूज काढून दिले आणि एक पॅनल जळालं. चौकशीला सगळे उभे असताना काकांनी आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि साहेबाला सांगितलं की पॅनल आधीपासूनच कमजोर होतं, आपणच आठवड्यापूर्वी बदलायला पाहिजे होतं. नंतर मला कँटीनला नेलं. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, "गप. चहा पी. आणि पुढच्या वेळी आकडा वाचत जा." त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलून मला वाचवलं होतं. मी त्यातून एवढंच शिकलो की गप्प राहण्यानं माणूस वाचतो.

त्यांचा हात बिघडतो आहे हे मला कधी कळलं, त्याला एकच दिवस दाखवता येणार नाही. एकदा गच्चीवर आम्ही संध्याकाळी टॉर्च लावून समोरच्या डोंगरावरचं एक पांढरं देऊळ उजळवत होतो. हा त्यांचा आवडता खेळ होता. देवळातला गुरव एकदा चिडून खाली भांडायला आला होता, आणि त्यालाही काकांनी चहा पाजून टॉर्च दिला होता. त्या दिवशी खाली उतरताना त्यांची डाव्या पायातली चप्पल वरच्या पायरीवर राहिली. ते तसेच खाली आले, अंगण ओलांडलं, फाटकाशी उभं राहून माझ्याशी बोलत राहिले. मी म्हणालो, काका, चप्पल. त्यांनी खाली बघितलं आणि हसले.

मला हसू आलं नाही. माझ्या आईला साखरेचा आजार होता. तिची चप्पल अशीच निसटायची आणि तिला कळायचं नाही. पुढं तिच्या तळपायात खिळा गेला तेही तिला कळलं नव्हतं. तिची मलमपट्टी मीच करायचो. पायानंतर तिचे हात गेले होते, म्हणजे होते जागेवर, पण चटका कळायचा नाही, म्हणून तिला चुलीजवळ बसू देत नव्हतो.

काकांना साखर होती हे सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरला चहा करता येत नाही म्हणून तो साखर बंद करायला सांगतो, असं ते म्हणायचे. त्यानंतर मी बघू लागलो आणि मग सगळंच दिसायला लागलं. ते उकळतं पातेलं सांडशीशिवाय उचलायचे. काकू कौतुकानं म्हणायच्या, ह्यांचा हात म्हणजेच सांडशी. पापड भाजताना बोटं जाळात असायची. आणि पूर्वी तीनातला एखादा टॉर्च तरी नापास व्हायचा, आता महिनोन्‌महिने एकही होत नव्हता. काकांना वाटायचं, आपला हात आणखी बसला. कामावर बसला, असं त्यांना म्हणायचं असायचं.

त्या हिवाळ्यात विलासनं फोनवर फोन लावले. गहू आणि अद्रक दोन्ही पाण्यावर, आणि शेतीची लाइट रात्रीच्या पाळीला. विहिरीकडच्या उसात काहीतरी येत होतं. कुणी डुक्कर म्हणत होतं, कुणी बिबट्या. "दादा, तुझ्या त्या काकाचा टॉर्च आण ना. सगळ्यायला देतो आन घरच्यालाच नाय व्हय."

मी पडेगावला गेलो. काकांनी विलाससाठी म्हणून सगळ्यात मोठा टॉर्च काढला. दोन सेलचा, जाड डोक्याचा, बाहेरून थंड होण्यासाठी खाचा पाडलेला. भावाचा भाऊ तो माझा, म्हणाले, आणि वेणी नेहमीपेक्षा जाड घातली. मग टॉर्च मुठीत आणि आधण गॅसवर. ते अद्रक ठेचत होते, विलासचीच, आणि बोलत होते. मला टॉर्चच्या वर हवा थरथरताना दिसत होती, तव्याच्या वर थरथरते तशी. दुसरी उकळी आली, बसली. चहा गाळला गेला. त्यांनी मूठ उघडून टॉर्च माझ्यापुढं केला, आणि त्यांच्या तळहातावर मला त्या खाचा दिसल्या. एकाखाली एक, सरळ, लालभडक रेघा. एका रेघेवरची कातडी ओली झाली होती.

मी टॉर्च घेतला आणि लगेच दुसऱ्या हातात टाकला, तिथून रुमालात. काका हसले. "स्टोअरचा हात. मऊच राहिला."

मीही हसलो.

एवढंच करायचं होतं. काका, हात बघा, एवढे तीन शब्द. मी ते का बोललो नाही ह्याची कारणं मी इतकी वर्षं स्वतःला पुरवत आलो आहे. त्यांचा हात गेला हे त्यांना सांगणं म्हणजे त्यांना सांगणं की तुम्ही संपलात. ज्यानं मला वाचवलं त्याला मी हे सांगू? ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांच्या खाली एक आणखी होतं. मी बोललो असतो तर तो टॉर्च परत टेबलावर गेला असता, आणि विलास फोनवर होता, आणि मला त्या दिवशी टॉर्च घेऊन जायचं होतं.

गावी जाऊन विलासला मी एवढंच म्हणालो, की सलग लावत जाऊ नको. तो म्हणाला, "मंग एवढा मोठा कशाला आणला?" मी काकांनी दिलेला चार्जर त्याच्या हातात ठेवला. त्यानं अंगणातून समोरच्या लिंबावर झोत टाकला. पानन्‌पान दिसलं, झोपलेले बगळे उठले. शेजारपाजारचे बघायला आले.

काही दिवस काहीच झालं नाही. मी ते विसरायला लागलो होतो.

विलासनं पुढं सांगितलं ते असं. अंगात जाड स्वेटर, टॉर्च डाव्या काखेत दाबलेला, दोन्ही हातांनी तो विहिरीवरच्या पाइपाचा वॉल फिरवत होता. वॉल गंजलेला, वेळ लागला. स्वेटरमुळं त्याला ऊब नुसती बरी वाटत होती. मग जळाल्याचा वास आला. त्यानं टॉर्च काखेतून काढून डाव्या हातात घेतला, काय झालं ते बघायला तोंडापुढं धरला, आणि तो फुटला. आतल्या वेणीवरचं आवरण वितळून ती टॉर्चच्या अंगाला टेकली असणार, सगळा करंट तिथंच फिरला असणार, आणि सेल फुगून बाहेर यायला जागा नव्हती. डाव्या हाताची दोन बोटं गेली. डाव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात आले. शहर बसनं, थर्मासमध्ये चहा घेऊन. विलास पडून होता, तोंडाला आणि हाताला पट्ट्या. काकांनी त्याच्या पायाशी उभं राहून बराच वेळ बघितलं. मग टॉर्चची फुटलेली नळी मागितली. पोलिसांनी काही नेलं नव्हतं, ती माझ्या पिशवीतच होती. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, आत बघितलं, वास घेतला. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता तसा झाला होता.

"माझ्या मुठीत गार होता," ते म्हणाले. "एक चहा पूर्ण धरला होता. जाधव, तू होतास."

त्यांना साक्षीदार पाहिजे होता. तेव्हाही बोलता आलं असतं. मी म्हणालो, "काका, विलासनं चार्जर दुसराच वापरला असंल. गावात कुणाचाही कुठंही लावतात."

त्यांच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं. ते खुर्चीवर बसले, थर्मास उघडला, विलासला चमच्यानं चहा पाजला. ज्या हातानं त्याची मान उचलून धरली होती तो तळहात पट्टीनं गुंडाळलेला होता. काय लागलं विचारलं तर म्हणाले, कुठं लागलं कुणास ठाऊक.

ते गेल्यावर बऱ्याच वेळानं विलास बोलला. मला वाटलं होतं तो झोपला आहे.

"दादा, चार्जर तू दिलेलाच व्हता."

पुढं तो कधी त्यावर बोलला नाही. मी माझ्या भावाची बोटं घेतली आणि वर त्याला मूर्खही ठरवलं, आणि तो गप्प राहिला. आमच्या घरात गप्प राहण्याची रीतच आहे.

मुळेकाकांनी टॉर्च बंद केले नाहीत. कामून करतील? दोष चार्जरचा होता. उलट आता चहाबरोबर ते प्रत्येकाला बजावू लागले, फुलंब्रीचा एक शेतकरी, चांगला माणूस, पण चुकीचा चार्जर लावला आणि हात गमावला, तेव्हा मी देतो तोच लावायचा. माझं खोटं त्यांच्या मुखातून गावोगाव गेलं. मी मात्र पडेगावला जाणं सोडलं. अद्रक नेणंही सोडलं. त्यांचे फोन यायचे, अरे जाधव, मेलास का, आणि मी कामाचं सांगायचो. त्या काळात किती टॉर्च त्या टेबलावरून उठले मला माहीत नाही. एकही नापास झाला नसणार.

मी परत गेलो तो विलासमुळं. बाजाराच्या दिवशी तो अद्रक घेऊन बसला होता. शेजारी खताच्या गोण्यांवर बसलेला कुणी परगावचा माणूस लोकांना आपला टॉर्च दाखवत होता, आणि दाखवता दाखवता फुलंब्रीच्या त्या येड्या शेतकऱ्याची गोष्ट सांगत होता. लोक हसत होते. विलासनं डावा हात गोणीखाली सरकवला.

"मला हसल्याचं काय नाय, दादा," विलास मला म्हणाला. "पन त्याच्या हातात तसलाच टॉर्च व्हता. चालू. मी त्याला काय सांगायचं व्हतं?"

त्याच संध्याकाळी मी पडेगावला गेलो. काकू देवळात गेल्या होत्या. बाहेरच्या खोलीत एक तरणा गडी बसला होता, शेंद्र्याच्या दुसऱ्याच कुठल्याशा कंपनीचा वॉचमन, गणवेशातच. काका स्वयंपाकघरात ओट्याशी होते. डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी, चालताना पाय ओढत होते. मूठ बंद, टॉर्च चालू, त्याचा झोत फरशीवर, आणि आधणाला नुकते बुडबुडे येत होते. मला बघून ते मनापासून खूश झाले. आलास का, म्हणाले, अद्रक कुठंय. दुकानातली घालावी लागते तुझ्यामुळं, कसपटासारखी.

मी घोकून आलेलं सगळं विसरलो. त्यांच्याजवळ गेलो आणि त्यांच्या मुठीच्या वर, टॉर्चच्या उघड्या राहिलेल्या डोक्याला माझा हात लावला.

मला तो धरून ठेवायचा होता. त्यांच्याएवढा वेळ धरावा असं मनात होतं. जमलं नाही. हात आपोआप निघाला, तोंडातून आवाज गेला, आणि मी नळाखाली हात धरला. बोटांच्या टोकांना तिथल्या तिथं फोड धरायला लागले होते.

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग स्वतःच्या मुठीकडं. दूध वर यायला लागलं तसं त्यांनी सवयीनं गॅस बारीक केला. मूठ उघडली नाही. ते त्या मुठीतून काहीतरी यायची वाट बघत उभे होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

हात कधीपासून गेला असं ते विचारत नव्हते. मला ते कळलं. तुला कधीपासून माहीत आहे, असं ते विचारत होते.

"विलासच्या आधीपासून," मी म्हणालो. "त्याचा टॉर्च तुम्ही मला दिला तेव्हा तुमच्या तळहाताला खाचा उमटल्या होत्या. चार्जर बरोबर होता."

त्यांनी उकळी येऊ दिली, बसू दिली, दुसरी येऊ दिली. तीन कप मांडले, गाळले. टॉर्च विझवून ओट्यावर आडवा ठेवला. एक कप बाहेर त्या वॉचमनला दिला आणि म्हणाले, आज टॉर्च नाही, नापास झाला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात येऊ का? काका म्हणाले, "चहाला ये."

आत येऊन ते माझ्यासमोर टेबलाशी बसले. शिव्या देतील असं वाटत होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. वडोद बाजारचा डबल साखर. पालचा एक, त्याला अद्रक चालत नाही. दौलताबादच्या अंजिरवाल्यांकडं दोन भाऊ, दोघांत एक कप. किनगावचा, बशीतून पिणारा. देवळातला गुरव. पत्ते नाही, नावं नाही, नुसते चहा, एकामागून एक. मधे थांबायचे, डोळे मिटायचे, कुणाची तरी उकळी आठवायचे आणि पुढं सांगायचे. मी ऐकत राहिलो. शेवटी म्हणाले, "सगळे परत आण. माझा पाय आता चालायचा नाही, तू आण." विलासबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी उठलो तेव्हा फक्त विचारलं, तो चहा कसा पितो. मला सांगता आलं नाही. माझा सख्खा भाऊ, आणि मला माहीत नव्हतं.

त्यानंतर ते मला भेटले नाहीत. मी फोन केला की काकू घ्यायच्या. पायाची जखम वर चढत गेली, आणि मग दहाव्याचाच निरोप आला. वडोद बाजारचा टॉर्च मिळाला, गुरवाचा मिळाला, अंजिरवाल्यांचा एक मिळाला. दुसरा भाऊ म्हणतो, काकांची आठवण आहे, मेलो तरी द्यायचा नाही. बाकीचे अजून तिकडंच कुठंतरी लागतात, विझतात.

मला दिसतात ते काका त्या संध्याकाळचे. मी फाटक लावायला वळलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता. त्यांनी रिकामं पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं होतं, खाली जाळ मोठा. डावा तळहात पातेल्याला बाहेरून टेकवलेला. मान किंचित कलती, दारावर कुणी थाप मारली की काय ते ऐकावं तसे ते त्या हाताकडं बघत उभे होते.